येऊ दे, येऊ दे

१

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. त्या दिवशी मला मामाला कुठेही न्यायचं नव्हतं. मामीने त्याला माझ्या गळ्यात मारला होता.

"घेऊन जा गं यांना कुठेतरी," मामी म्हणाली. "आठ महिने झाले रिटायर होऊन. काल मला कपडे वाळत घालायला शिकवत होते. दोरीवर दोन्ही बाजूंना वजन सारखं पाहिजे म्हणे."

मामा एकतीस वर्षं शाळेची बस चालवायचा. मी कॉलेजपासून मामा-मामीकडेच राहते, मला नोकरी लागली तरी त्यांनी जाऊ दिलं नाही आणि मीही गेले नाही, कारण फुकटचं जेवण कोणाला नको असतं. चार महिन्यांपूर्वी मी एक जुनी छोटी गाडी घेतली आणि मामाने मला ती शिकवली. शिकवली म्हणजे काय, छळ केला. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची मला खोड आहे, मान्य. पण ते दर दोन मिनिटांनी ऐकायचं? "क्लचवरचा पाय काढ." सिग्नलला, "क्लचवरचा पाय काढ." एकदा तर मी सोफ्यावर टीव्ही बघत बसले होते तेव्हाही म्हणाला. त्याला तो विनोद वाटला होता.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. निघायच्या आधी मामाने नेहमीप्रमाणे गाडीभोवती एक चक्कर मारली, चारही चाकांना बुटाने टकटक केलं, खाली वाकून बघितलं. "पोरं लपतात गं गाडीखाली," तो म्हणाला. आमच्या पार्किंगमध्ये तेव्हा चिटपाखरू नव्हतं. मामी बाल्कनीतून बघत होती. तिचे गुडघे दुखतात म्हणून ती आली नाही. तिने सँडविच दिली होती आणि थर्मासमध्ये कॉफी.

"सांभाळून ने हं त्यांना," ती वरून म्हणाली.

मी हात हलवला.

२

शहरापासून अडीच तासांवर ते सरकारी उद्यान आहे. डोंगर, जंगल, तीन तळी, आणि त्या सगळ्यातून फिरणारा बावीस किलोमीटरचा रस्ता. फोटो बघितलेत तर वेड लागेल. मी दोन महिने त्या रस्त्यावर गाडी चालवायची स्वप्नं बघत होते. एकटीने, हे वेगळं सांगायला नको.

गेटवर खाकी जॅकेटमधला गार्ड होता. त्याने एक नकाशा दिला आणि पाठ केलेलं बोलला. रस्ता एकेरी आहे. मागे वळायचं नाही. पहिलं तळं, दुसरं तळं, मग वर व्ह्यू पॉइंट, मग उतरताना तिसरं तळं, आणि शेवटी 'बाहेर' अशी पाटी. त्या पाटीला वळला नाहीत तर रस्ता पुन्हा पहिल्या तळ्याकडे जातो. पाच वाजता गेट बंद.

"म्हणजे एखादी गोष्ट बघायची राहिली तर?" मी विचारलं.

"तर पूर्ण चक्कर मारायची," गार्ड म्हणाला. "तास जातो."

"हिला सांगू नका," मामा पलीकडून वाकून म्हणाला. "ही दहा चकरा मारेल. पेट्रोल कुठून येतं ते हिला अजून कळलेलं नाही."

गार्ड हसला. मीही हसले, पण आतून चिडले. दिवसभर असंच होणार हे मला तेव्हाच कळलं.

आणि तसंच झालं. पहिल्या तळ्यावर पाण्यात ढग उतरलेले, काठावर हरणांचा कळप पाणी पीत होता, मी श्वास रोखून बघतेय आणि मामा म्हणतो, "हँडब्रेक ओढलास का?" दुसऱ्या तळ्यावर लांब मानेचे पांढरे पक्षी एकामागून एक उतरत होते. "गाडी सावलीत लाव." चढावर वळणं सुरू झाली तेव्हा तर तो थांबलाच नाही. "दुसरा टाक. दुसरा. आता सोड. अगं, क्लचवरचा पाय काढ."

मला माहितेय तो काळजीने बोलत होता. तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच तर जास्त राग येत होता.

३

व्ह्यू पॉइंट म्हणजे रस्त्याच्या कडेला थोडी मोकळी जागा, एक लाकडी बाक, एक लोखंडी कठडा, आणि कठड्यापलीकडे सरळ खाली दरी. तळाशी तिसरं तळं हिरव्या काचेसारखं. पाटीवर लिहिलं होतं, गाडी उलटी लावा. म्हणजे मागची बाजू कठड्याकडे.

रिव्हर्स हा माझा कच्चा विषय.

तिथे आधीच एक गाडी होती आणि चार मुलं, माझ्याच वयाची, फोटो काढत होती. मामा लगेच खाली उतरला. जाऊन कठड्याला पाठ टेकवून उभा राहिला, हात वर केला आणि बस डेपोत घालताना काढायचा तो आवाज काढला.

"येऊ दे. येऊ दे, येऊ दे. थोडं डावीकडे काप. येऊ दे."

गाडी बंद पडली. मी परत चालू केली. परत बंद पडली. मुलांपैकी एक हसला. मामाला प्रेक्षक मिळाले म्हटल्यावर झालं.

"हिचं लायसन बघा रे कोणीतरी," तो मुलांना म्हणाला. "फोटो छान आलाय त्यावर. बाकी काही नाही."

सगळे हसले. एकाने फोन वर केला, माझा व्हिडिओ काढायला की सेल्फी घ्यायला कोण जाणे. माझे कान तापले.

"अगं, मी म्हणतोय ना येऊ दे, तर येऊ दे. भित्री कुठली. मी आहे ना मागे. येऊ दे."

मी गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला आणि निघून गेले.

विचार केला नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. पण केला होता. गिअर बदलताना अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात मी स्पष्ट विचार केला होता: रस्ता एकेरी आहे, आता गेले तर तासभर परत येता येणार नाही. आणि मग मी गेले.

पहिल्या वळणाआधी मी आरशात बघितलं. मला वाटलं होतं मामा मागे धावत येत असेल, शिव्या देत असेल. तो जागचा हलला नव्हता. त्याचा हात तसाच वर होता आणि पंजा आत-बाहेर, आत-बाहेर हलत होता. खिडकी उघडी होती, आवाजही आला. तोच, डेपोतला.

"येऊ दे. येऊ दे. येऊ दे."

फक्त आता त्याची पाठ माझ्याकडे होती. तोंड दरीकडे.

४

पुढचा तास माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात छान तासांपैकी एक होता. लाज वाटते ती या वाक्याची. बाकीच्याची नंतर वाटली.

मी खिडक्या उघडल्या. मोठमोठ्याने गायले. वळणं अशी घेतली की मामाने बघायला हवं होतं असं मनात आलं, आणि मग हसू आलं. तिसऱ्या तळ्यावर थांबले, बॉनेटवर बसून सँडविच खाल्लं. आधी माझं खाल्लं. मग त्याचंही अर्धं. कॉफी प्यायले. पलीकडच्या काठावर हरणं आडवी पडून रवंथ करत होती, शेपट्या हलवत, अगदी घरच्यासारखी.

मी स्वतःला सांगत होते, ती मुलं आहेत ना त्याच्या सोबत. गप्पा मारत बसला असेल, त्याला तर श्रोते हवेच असतात.

मग त्या मुलांची गाडी माझ्या समोरून गेली. चौघंही आत. एकाने मला ओळखून अंगठा दाखवला.

तेव्हा मी उठायला हवं होतं. मी अजून एक कप कॉफी प्यायले.

५

सव्वातीनला मी पुन्हा व्ह्यू पॉइंटला पोचले. पूर्ण चढ मी वाक्य पाठ करत होते. "मामा, सॉरी, चुकून पुढे गेले, रस्ता एकेरी, वळता येईना." त्याच्या शिव्यांची तयारी ठेवली होती. खरं सांगते, मला त्या हव्या होत्या. चार खणखणीत शिव्या झाल्या की हिशोब मिटला असता.

मामा बाकावर बसला होता. अगदी टोकाला. एवढा मोठा बाक, सहा माणसं मावतील, आणि हा टोकाला अंग चोरून.

मी वाक्य म्हटलं. पाठ केलं होतं तसंच.

तो उठला, चालत आला. पुढे न बसता त्याने मागचं दार उघडलं. आणि दार धरून थांबला. किती वेळ? फार नाही. एखाद्या घरातली चार माणसं गाडीत चढेपर्यंत आपण दार धरतो ना, तेवढा. मग स्वतः बसला, दाराला चिकटून, आणि दार हळूच ओढून घेतलं. मामा आयुष्यात कधी हळूच दार लावत नाही. एकतीस वर्षं बसचं दार लावलेला माणूस आहे तो.

आणि त्याने चाकांना टकटक केलं नव्हतं. हे मला पहिल्या वळणावर आठवलं.

"आम्ही बसलो," तो म्हणाला.

६

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय कळणार नाही मी एवढी का दचकले. कंपन्यांना फोन केला की 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं म्हणणारी बाई असते ना, ती मी नाही, पण तिची वाक्यं मी लिहिते. आणि एकदा मी एका वाक्यात 'आम्ही'च्या जागी 'आपण' लिहिलं म्हणून पूर्ण दुपारभर मीटिंग झाली होती. 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत येतो. 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर राहतो. बॉसने फळ्यावर गोल काढून दाखवलं होतं, जणू आम्ही दुसरीत आहोत.

गाडीत आम्ही दोघंच होतो. तो आणि मी. मग 'आम्ही' कोण?

पण मी काही वेडी नाही. मला कारण सापडलं. रुसलेली मोठी माणसं असं बोलतातच की. 'आम्हाला कोण विचारतंय,' 'आमचं काय, आम्ही म्हातारे.' तासभर उन्हात बसवल्यावर माणूस एवढंही बोलणार नाही का? टोमणा होता तो. चांगला होता.

"मामा, रागावलास?" मी आरशात बघत विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "आम्हाला फार बरं वाटतंय."

"कॉफी हवी का? थोडी उरलीय."

"आम्ही प्यायलो."

"कुठे?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. उतार सुरू झाला, वळणं आली, मी चुकून तिसऱ्या गिअरमध्येच एक वळण घेतलं आणि गाडी गचका खाऊन ओरडली. मी खांदे आवळून वाट बघितली. मागून काही आलं नाही. माझा डावा पाय पूर्ण उतारभर क्लचवर होता. मुद्दाम ठेवला होता मी.

"छान चालवतेस," तो म्हणाला.

आता हसा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चार महिने मी त्या शब्दासाठी मरत होते.

७

तिसऱ्या तळ्याशी मी वेग कमी केला, त्याला दाखवायला. हरणं आता उभी होती. सगळी. काठावर एका ओळीत, तोंडं रस्त्याकडे, आणि एकाचंही शेपूट हलत नव्हतं. गाडी पुढे सरकत गेली तशी त्यांची डोकी वळत गेली, एकदम, सारखी.

"सतरा," मामा म्हणाला. "मागे झाडीत अजून दोन. आम्ही मोजली."

तेव्हा मी आरशात नीट बघितलं. त्याच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.

मामाला चष्म्याशिवाय हातभर अंतरावरचं दिसत नाही. आंघोळ करून आला की चष्मा शोधताना पूर्ण टेबल तळव्यांनी चोपत बसतो, आणि मामी तो मुद्दाम दुसरीकडे सरकवते. तळ्याचा पलीकडचा काठ तिथून निदान दोनशे पावलं होता.

"तुमचा चष्मा कुठाय?" मी विचारलं.

आणि माझं मलाच ऐकू आलं. मी मामाला जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलेलं नाही. मामीसुद्धा चिडवायची, की हा तुझा मामा आहे की वर्गातला मुलगा. ते 'तुमचा' तोंडातून आपसूक आलं, बसमध्ये अनोळखी माणसाशी बोलतो तसं.

"राहिला असेल तिथे," मागून आवाज आला. "आम्हाला लागत नाही."

'बाहेर'ची पाटी आली. मी वळले नाही. चष्मा महागाचा आहे, मामी मला फाडून खाईल, असं मी मोठ्याने म्हणाले. कोणाला सांगत होते कोण जाणे. खरं म्हणजे मला त्याला सरळ विचारायचं होतं की तुम्ही कोण आहात, की तुला काय झालंय, काहीतरी. पण कुठलाही प्रश्न विचारला असता तरी तो पुढे एकाच ठिकाणी जाणार होता: तू कुठे गेली होतीस? त्यापेक्षा बावीस किलोमीटर परवडले.

पहिल्या तळ्यावर पाणी प्यायला कोणी नव्हतं. दुसऱ्या तळ्यावरून आम्ही जात असताना पांढरे पक्षी उडाले, सगळे एकाच वेळी, आणि पंखांचा आवाज झाला नाही. किंवा खिडक्या बंद होत्या म्हणून आला नसेल. मी खिडक्या कधी बंद केल्या मला आठवत नव्हतं. गाडीत फार माणसं बसल्यावर होतात तशा काचा आतून धुरकट झाल्या होत्या. मी हाताने पुसत चालवत होते.

चढावर गाडी ओढेना. पहिल्या गिअरमध्ये घ्यावी लागली.

८

शेवटच्या वळणावरून व्ह्यू पॉइंट दिसतो. मी वळले. माझा पाय क्लचवर होता, थांबायच्या तयारीने.

कठड्याजवळ कोणीतरी जमिनीवर गुडघे टेकून बसलं होतं. निळा चौकड्यांचा शर्ट. माझ्या आरशातही निळा चौकड्यांचा शर्ट होता. तो माणूस दोन्ही तळव्यांनी जमीन चोपत होता, थोडं पुढे सरकून परत चोपत होता. गवतात. खडीत. कठड्याखाली.

गाडीचा आवाज ऐकून त्याने मान वर केली. त्याचे डोळे बारीक झाले होते, माझ्या जरा बाजूलाच बघत होता. काच बंद होती तरी मला शब्दन् शब्द ऐकू आला, आणि त्यातला वैताग ऐकू आला, आणि त्या वैतागाखालचं हायसं वाटणंही.

"आलीस का. अगं, क्लचवरचा पाय काढ."

मी काढला. पहिल्यांदा, सांगितल्या सांगितल्या. गाडी गिअरमध्ये होती, ती पुढे गेली.

ब्रेक होता. कोणी म्हणेल क्लच सोडला म्हणून गाडी गेली, पण ब्रेक उजव्या पायाजवळच होता. मी त्याच्यावर पाय ठेवलासुद्धा. दाबला नाही.

कारण मागून, माझ्या कानाच्या अगदी जवळून, तो प्रेमळ आवाज म्हणाला, "छान चालवतेस तू." आणि मला माहीत होतं की थांबले तर दोघांपैकी एक जण मला पुढची अनेक वर्षं विचारणार आहे की तू मला का सोडून गेलीस. आणि दुसरा कधीच विचारणार नाही.

आरशात मागची सीट दिसत होती. मी आरसा हाताने फिरवून वर केला, छताकडे.

९

गेटवर तोच गार्ड. पाचला वीस मिनिटं होती. त्याने वाकून आत बघितलं, मागच्या काचेशी थोडा थांबला, मग सरळ उभा राहिला आणि जॅकेटची चेन वर ओढली.

"झालं फिरून?"

"हो."

"वर कोणी राहिलं नाही ना? मग मी साखळी लावतो."

तो रोज प्रत्येक गाडीला हे विचारत असणार. त्याचा आवाज तसाच होता, कंटाळलेला. मला एक शब्द बोलायचा होता. हो किंवा थांबा किंवा काहीही. त्याने भुवया उचलल्या.

"नाही," मी म्हटलं. "कोणी नाही."

१०

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी उद्यानात फोन केला. मामा हरवलाय असं कसं विचारणार, मामा तर घरी पेपर वाचत होता. चष्मा हरवलाय म्हणाले. फोनवरच्या बाईने कोणाला तरी विचारलं आणि म्हणाली, "मिळालाय. कठड्याच्या पलीकडे, खालच्या खडकावर होता. घेऊन जा." कोणी माणूस दिसला का, असं मी विचारलं. "कसला माणूस?" ती म्हणाली. मी फोन ठेवला.

पहिले दोन आठवडे मामी खूश होती. कपडे तिच्या मनाप्रमाणे वाळत होते. "काय जादू केलीस गं," ती म्हणायची. "अगदी शांत झालेत." मी ऑफिसमधून उशिरा यायला लागले.

परवा संध्याकाळी ती माझ्या खोलीच्या दारात आली. हातात ओला टॉवेल, तो पिळत राहिली.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार ना."

"हे सारखं 'आम्ही आम्ही' काय करतात? आधी मला गंमत वाटली. पण काल मी चार माणसांपुरतं केलेलं सगळं जेवण यांनी एकट्यांनी संपवलं. मी म्हटलं, अहो, आम्ही म्हणजे कोण? तर म्हणाले, भाचीला विचार." तिने टॉवेल खांद्यावर टाकला. "काय झालं तिथे? भांडलात का तुम्ही? तू काही बोललीस का त्यांना? बोललीस तरी मी रागावणार नाही."

ती खरंच रागावली नसती. तेच तर. मी पलंगावर सरकून तिला जागा केली. ती गुडघा धरत बसली.

"मामी," मी म्हटलं, "त्या दिवशी मी गाडी रिव्हर्स घेत होते..."

दारात तो येऊन उभा होता. पावलं वाजली नव्हती. त्याच्या हातात माझ्या गाडीची किल्ली होती.

"रविवार आहे उद्या," तो मामीकडे बघून म्हणाला. "तुला ती तळी दाखवायची राहिलीत. आपण सगळे जाऊन येऊ."

मामीचा चेहरा असा उजळला. "आपण म्हणाले बघ," ती माझ्या कानात म्हणाली आणि माझा हात दाबला. "उगीच मी काळजी करत होते." मग त्याच्याकडे वळून, "अहो, पण माझे गुडघे? गाडीतूनच दिसतं ना सगळं?"

"गाडीतूनच," तो म्हणाला. "ही चालवेल. छान चालवते."

तो माझ्याकडे बघत होता. चष्म्याशिवाय, नीट, सरळ. माझं अर्धं वाक्य अजून खोलीत होतं. कोणीही ते पुढे न्यायला सांगत नव्हतं.

सकाळी मामीने ठेवणीतली चप्पल काढली. अंबाडा दोनदा घातला. मी पार्किंगमध्ये स्टीअरिंगवर हात ठेवून बसले होते आणि मागचं दार उघडं होतं, तो ते धरून उभा होता. अजून सांगता आलं असतं. जिन्यात तिची पावलं वाजत होती, एकेक पायरी, गुडघ्यांमुळे हळूहळू, भरपूर वेळ होता.

ती आली. उघड्या मागच्या दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी कुठे बसू गं?"

मी पलीकडे वाकून तिच्यासाठी पुढचं दार उघडलं.

"पुढे बस, मामी," मी म्हटलं. "माझ्याजवळ बस."

एवढंच म्हटलं.